तयारी पक्की, बेत मोकळा

गेल्या महिन्यात पनवेलच्या आमच्या सोसायटीत एका घरी सत्यनारायण होता. प्रसाद घेऊन मंडळी पंख्याखाली टेकली आणि विषय निघाला तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा. वय चोवीस. कापडाच्या छपाईची डिझाइनं करायची नोकरी. तीन वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकले आणि आता ती तीन आठवडे एकटी युरोपात हिंडणार आहे. जायची-यायची तिकिटं काढून झाली आहेत. "पण मधल्या दिवसांत काय करणार?" असं कुणीतरी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तिथे गेल्यावर बघेन."

एवढं वाक्य पुरलं. पुढचा तासभर सगळ्यांनी मिळून तिला फैलावर घेतलं. एक काका म्हणाले, बेत न आखता परदेशी जाणं हा शुद्ध बेजबाबदारपणा. मावशींचं म्हणणं, मुलीनं एकटीनं जाऊ नये. काही बरंवाईट झालं तर आईबापांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? कुणाला ही पैशाची चैन वाटली. कुणी बारा दिवसांत नऊ देश दाखवणाऱ्या टूरचं पत्रक मोबाइलवर काढून तिच्यासमोर धरलं. कविता करणारे एक गृहस्थ म्हणाले, "प्रेरणेसाठी युरोप कशाला? कर्नाळ्याला जाऊन शांत बस. डोळे उघडे असतील तर सगळं इथेच आहे." आणि जाताजाता शेवटचा शिक्का बसला: ही आपली रीत नव्हे.

ती पोरगी मान खाली घालून ऐकत होती. सहावीपासून दहावीपर्यंत मी तिला चित्रकला शिकवली. पूजेच्या घरात वाद नको म्हणून मीही गप्प बसले. ते गप्प बसणं मला रात्रभर टोचत राहिलं. म्हणून हे लिहिते आहे, आणि एकेका मुद्द्याला उत्तर देणार आहे.

पहिला मुद्दा बेजबाबदारपणाचा. ज्यांना हे वाटतं त्यांनी शेंगेन व्हिसाचा अर्ज एकदा डोळ्यांखालून घालावा. भारतीय पासपोर्टवर युरोपात कुणी उठून सहज जाऊ शकत नाही. जाण्यायेण्याचं आरक्षण दाखवावं लागतं. राहणार कुठे याचा पुरावा लागतो. बँकेची स्टेटमेंट्स लागतात. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय खर्च भागवणारा प्रवास विमा लागतो. 90 युरो फी भरून बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि कुठल्याही 180 दिवसांत 90 पेक्षा जास्त दिवस राहता येत नाही. या मुलीनं हे सगळं केलं आहे. फाइल मी पाहिली. कागद अनुक्रमानं लावलेले, प्रत्येकाची झेरॉक्स वेगळी. आपल्यापैकी किती जणांच्या घरचे कागद इतके नीट असतात?

म्हणजे तयारी पक्की आहे. मोकळा ठेवला आहे तो बेत. तयारी आणि बेत या दोन गोष्टींची आपण कायम गल्लत करतो. पैसे, औषधं, विमा, परतीचं तिकीट ही तयारी. मंगळवारी सकाळी साडेदहाला कुठे उभं राहायचं आणि कशाकडे बघून खूश व्हायचं, हा बेत. तयारी नसेल तर माणूस संकटात सापडतो. बेत नसेल तर फार तर एखादा दिवस फुकट जातो. एक दिवस फुकट गेला तर कुणाचं काय बिघडतं?

आणि बेताच्या पलीकडे काय असतं, ते आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसानं लिहून ठेवलं आहे. शेजारच्या पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरात कर्ज होतं आणि उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची बातमी आली होती. दक्षिणा मिळेल म्हणून ते काकांबरोबर निघाले. साल 1857. वाटेत बंड पेटलं आणि सगळा बेत कोलमडला. ते झाशीत अडकले, किल्ल्याचा वेढा त्यांनी आतून पाहिला, लुटले गेले, उपाशी राहिले, आणि परतले ते जवळजवळ रिकाम्या हातांनी. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी आठवणी लिहिल्या. 1907 साली छापून आलेलं 'माझा प्रवास' ते हेच. त्यांचा बेत जसाच्या तसा पार पडला असता तर वरसईतल्या एका घराचं कर्ज फिटलं असतं आणि मराठी भाषा एका थोर पुस्तकाला मुकली असती. युद्धात सापडावं असं मी कुणालाच म्हणणार नाही. पण लिहिण्याजोगं, काढण्याजोगं, सांगण्याजोगं जे असतं ते ठरवलेल्या रस्त्याच्या बाहेरच का भेटतं, याचा विचार करायला काय हरकत आहे?

दुसरा मुद्दा मावशींचा, एकट्या मुलीचा. ही काळजी खोटी नाही. युरोपात पाकीटमार आहेत. बार्सिलोनात आहेत, रोममध्ये आहेत, पॅरिसच्या मेट्रोत आहेत. पण मावशी, हीच मुलगी रोज रात्री साडेदहाची लोकल पकडून पनवेल स्टेशनला उतरते. तिथून रिक्षा मिळेपर्यंत एकटी उभी राहते. तेव्हा कुणी सभा भरवली नाही. नोकरीसाठी रात्रीअपरात्री एकटीनं फिरलेलं चालतं, कारण त्यातून पगार घरी येतो. स्वतःच्या आनंदासाठी, स्वतःच्या कामाच्या भुकेसाठी एकटीनं फिरायचं म्हटलं की मगच धोका कसा दिसू लागतो? काळजी खरी असेल तर तिला उपयोगाचं काही सांगा. युरोपीय संघात कुठेही 112 फिरवला की मदत येते हे सांगा. पासपोर्टची प्रत वेगळ्या पिशवीत ठेव, रोज रात्री घरी एक मेसेज टाक, हे सांगा. भीती देऊन तिच्या गाठीला काय बांधलं आपण?

हे प्रश्न नवेही नाहीत. 24 फेब्रुवारी 1883 ला सेरामपूरच्या कॉलेजात एक मराठी मुलगी भाषणाला उभी राहिली. अठरावं वर्षही पुरं झालं नव्हतं. आनंदीबाई जोशी. लोक तिला रस्त्यात, घरात, येताजाता जे विचारत होते ते तिनं सहा प्रश्नांत मांडलं आणि एकेकाचं उत्तर दिलं. अमेरिकेला का जातेस? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर वाळीत टाकलं तर? काही संकट आलं तर? आणि जे कुठल्याच बाईनं केलं नाही ते तू का करावंस? तिचे पती गोपाळराव इथेच राहिले. ती एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसली. तिच्या डॉक्टर होण्याच्या ध्येयाची आणि या मुलीच्या सहलीची बरोबरी मी करत नाही. पण त्या सहांतले निदान तीन प्रश्न त्या दिवशी आमच्या सोसायटीत, पंख्याखाली, जसेच्या तसे विचारले गेले. मधे एकशेचाळीसहून जास्त वर्षं गेली आहेत. मुलींनी एवढी मजल मारली, आपले प्रश्न मात्र तिथल्या तिथे का राहिले?

तिसरा मुद्दा चैनीचा. हो, युरोपला जायला पैसे लागतात, आणि आपल्या आजूबाजूला असंख्य घरं अशी आहेत जिथे एवढे पैसे कधी एकत्र दिसत नाहीत. हे मला पुरतं ठाऊक आहे. पण ज्यांनी हा आक्षेप घेतला त्यांच्या घरी मागच्या वर्षी लग्न झालं. हॉल, जेवणावळी, ड्रोननं शूटिंग, आणि हळदीला वेगळा डीजे. त्याला आपण चैन म्हटलं नाही, हौस म्हटलं. त्यांच्याच भावानं टूरबरोबर स्वित्झर्लंड केलं, त्याचे फोटो आम्ही सगळ्यांनी कौतुकानं पाहिले. ही मुलगी आठ जणींच्या खोलीत एका बंकवर झोपणार आहे, दुकानातून पाव आणि चीज घेऊन बाकावर बसून खाणार आहे, आणि एकूण खर्च त्या टूरपेक्षा कमी येईल असा तिचा हिशेब आहे. तरी चैन तिची! म्हणजे हरकत पैशाला नाही. चारचौघांसारखा खर्च केला नाही, याला आहे.

चौथा मुद्दा टूरचा: बारा दिवस, नऊ देश, सगळं बघून होतं. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना भाषेची धास्ती वाटते, ज्यांना आपल्या माणसांच्या सोबतीतच मजा येते, त्यांनी खुशाल टूरबरोबर जावं. माझे आईवडील गेले होते आणि आनंदानं परतले. पण ज्याला काही घडवायचं आहे, त्यानं "सगळं बघून होतं" या वाक्याला घाबरायला हवं. बघणं हे 'होऊन जाणारं' काम आहे का? चाळीस मिनिटांत पाहून संपेल असं एक तरी चांगलं चित्र जगात आहे का?

दादासाहेब फाळके 1912 च्या फेब्रुवारीत एकटेच लंडनला गेले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून पैसा उभा केला होता. सिनेमा काढायचा ध्यास पक्का होता, पण तिथे त्यांचं स्वागत करणारं कुणी नव्हतं. शहरात फिरताना त्यांना एका साप्ताहिकाची पाटी दिसली. 'बायोस्कोप'. मुंबईत बसून ते हे साप्ताहिक वाचत असत. ते सरळ आत गेले. संपादकानं आधी परावृत्त करायचा प्रयत्न केला, पण या माणसाची तळमळ पाहून त्यांची चित्रपट निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांचा स्टुडिओ फाळक्यांनी आतून पाहिला. विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी केली आणि काही आठवड्यांतच घरी परतले. मग दादरच्या घरी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो कोंब कसा वाढतो याचं रोज थोडंथोडं चित्रण केलं. पुढच्या वर्षी, 3 मे 1913 ला, 'राजा हरिश्चंद्र' लागला. विचार करा, त्या पाटीखाली फाळक्यांच्या हाताला धरून कुणी "चला, बस सुटते आहे" म्हटलं असतं तर?

आता पाचवा मुद्दा. हाच सगळ्यांत वजनदार आहे, म्हणून यासाठी जास्त जागा घेते. प्रेरणा घरबसल्या मिळते, युरोप कशाला? या मुद्द्याला मी माझ्या स्वतःच्या कामातून उत्तर देणार आहे.

2005 च्या पावसाळ्यात गाढी नदीला पूर आला होता. मी एका मजबूत गच्चीवर उभी होते. तांबूस, घट्ट, कढी आटवल्यासारखं दिसणारं पाणी चाललं होतं, आणि त्यात एका म्हशीचं डोकं. फक्त डोकं, नाकपुड्या वर ताणलेल्या, शिंगं मागे टेकलेली. आवाज नाही. ती हंबरत असेल तरी पाण्याच्या घोषात ऐकू येत नव्हतं. वळणापाशी ती दिसेनाशी झाली. ते दृश्य मी पुढे कितीतरी वर्षं काढायचा प्रयत्न केला. जलरंगात काढलं, पेनानं काढलं, तेलरंगात काढलं. प्रत्येक वेळी मी पूर काढत गेले. घरं, पत्रे, वाहून चाललेली झाडं, गच्चीवरची माणसं, वर काळं आभाळ. प्रत्येक चित्र भरगच्च व्हायचं आणि प्रत्येक चित्रातून म्हैस हरवायची.

नंतर बावन्नाव्या वर्षी मी एकटी स्पेनला गेले. माद्रिदमध्ये एके दिवशी तोलेदोला जायचं मनात होतं, पण सकाळी उठले तर गुडघा धरलेला. तोलेदो राहिलं. दिवसभर लंगडत, बाकांवर बसत, संध्याकाळी प्रादो संग्रहालयाच्या रांगेत उभी राहिले, कारण तिथे रोज शेवटचे दोन तास प्रवेश मोफत असतो. आत फोटो काढायला बंदी आहे, त्यामुळे नुसतं बघावंच लागतं. तळमजल्यावर चित्रकार गोयाची काळी चित्रं आहेत. सत्तरी ओलांडल्यावर, कान पूर्ण गेल्यावर, त्यानं माद्रिदबाहेरच्या आपल्या घराच्या भिंतींवर ही चौदा चित्रं काढली. ती कुणाला दाखवायला काढली नव्हती. त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी भिंतींवरून उतरवून ती कॅनव्हासवर घेतली.

त्यातलं एक चित्र कुत्र्याचं आहे. उंची साधारण 131 सेंटिमीटर, रुंदी 79. खाली गडद मातकट रंगाचा एक चढ, त्याच्या कडेवर कुत्र्याचं डोकं, नजर वर. बाकी काही नाही. वरचा सगळा कॅनव्हास पिवळट, मळकट, रिकामा. ते कुत्रं बुडतंय की वर येतंय, काहीच कळत नाही. मी तिथे उभी राहिले आणि माझ्या पोटात गाढीचं पाणी हललं. ही तर माझी म्हैस! आणि वीस मिनिटांनी उमगलं की माझं काय चुकत होतं. मी पुरात भर घालत होते. गोयानं सगळं काढून टाकलं होतं.

पनवेलला परतल्यावर मोठ्या कागदावर कोळसा घेऊन बसले. खालच्या कडेला म्हशीचं डोकं काढलं. मग हात बाजूला ठेवला. वरचा दोन तृतीयांश कागद कोरा सोडताना बोटं अक्षरशः शिवशिवत होती. सोडला. ते चित्र आज माझ्या खोलीत आहे, आणि माझ्या हातून झालेल्या कामात मला ते एकच खरं वाटतं.

तेव्हा कवी गृहस्थांना माझं सांगणं असं: म्हैस इथेच होती, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. विषय इथलाच, पाणी इथलंच, दुःख इथलंच. पण ते बघायचं कसं, हे मला इथे बसून वर्षानुवर्षं कळलं नाही. पुस्तकात छापलेलं ते कुत्रं मी आधी पाहिलं होतं, आणि पान उलटून पुढे गेले होते. त्याच्यासमोर दुखऱ्या गुडघ्यावर, कुणीही वाट बघत नसताना, परतीची घाई नसताना उभं राहावं लागलं. बरोबर मैत्रीण असती तर मी बोलले असते. टूर असती तर तोलेदोला गेले असते.

कवी गृहस्थ त्या दिवशी अरुण कोलटकरांचा दाखलाही देत होते: जगभर गाजलेलं 'जेजुरी' कुठे युरोपातून आलं? बरोबर. पण ते जेजुरीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यालाही सुचलं नाही. बाहेरून आलेल्या, नवस न बोललेल्या, मोकळेपणानं हिंडणाऱ्या माणसाला सुचलं. हा दाखला माझ्या बाजूचा आहे. अनोळखी डोळा कमवावा लागतो, आणि तो घराबाहेर पडून, ओळखीची माणसं मागे ठेवूनच कमावता येतो. कुणाला तो जेजुरीत मिळेल, कुणाला माद्रिदमध्ये. कुणाला कुठे मिळेल हे सोसायटीच्या बैठकीत कसं ठरणार?

या मुलीच्या बाबतीत तर युरोपशी नातं तिच्या धंद्यातूनच आहे. ती कापडावर छपाईची नक्षी करते. हिंदुस्थानातल्या छापील सुती कापडानं एके काळी फ्रान्सला असं वेड लावलं की तिथल्या रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांना वाचवण्यासाठी सरकारनं 1686 ते 1759 या कापडावर बंदी घातली. कापडाचं नावच होतं 'अँदिएन', हिंदुस्थानी. लोकांनी तरी चोरून घातलं. आपली वेलबुट्टी तिकडच्या हातांत गेल्यावर कशी बदलली, कुठली पाकळी जाड झाली, कुठला रंग फिका पडला, हे त्या मुलीनं जाऊन का बघू नये? आपल्याच घरून गेलेली वस्तू परक्या घरात बघायला जाणं, हे घर विसरणं झालं का?

शेवटचा शिक्का: ही आपली रीत नव्हे. देशाटनानं शहाणपण येतं, असं शाळेत पोरांकडून घोकून घेणारे आपण. रामदासांनी बारा वर्षं देश पायाखाली घातला, हे अभिमानानं सांगणारे आपण. 1899 च्या अखेरीस गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी बुद्धाचा शोध घ्यायला घरातून निघाले. हातात पैसा नाही, पुढचा मुक्काम ठाऊक नाही. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे फिरत ते सिंहलद्वीपाला पोहोचले. बुद्धाचं चरित्र आणि धर्म मराठीत घरोघरी पोहोचला त्यात या भटकंतीचा वाटा किती मोठा आहे! मागे राहिलेल्या पत्नीनं आणि मुलीनं त्याची किंमत मोजली, हेही खरं, आणि ते विसरता कामा नये. पण वाट ठाऊक नसताना निघणं आपल्या रीतीत नाही, हे म्हणायला तोंड कसं धजावतं? रीत आहे. फक्त ती पुरुषांसाठी, साधूंसाठी, मोठ्यांच्या चरित्रांसाठी आपण राखून ठेवली आहे. शेजारच्या घरातल्या चोवीस वर्षांच्या पोरीनं तीच रीत उचलली की ती परकी होते.

आपल्या तालुक्यात आता विमानतळ झाला. उलव्याची टेकडी सपाट केली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठवली. माणसांनी शेतं दिली, अंगणं दिली, गावदेवीची देवळं हलवली. 25 डिसेंबर 2025 पासून तिथून विमानं उडू लागली. एवढी किंमत मोजून उघडलेल्या दारातून आपल्या मुलींनी फक्त नोकरीसाठी आणि नवऱ्याच्या पाठोपाठ जायचं का? स्वतःला जे बघायचंय ते बघायला, स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या पायांनी जायचं नाही का?

म्हणून त्या दिवशी जे बोलायला हवं होतं ते आता बोलते. तिची तयारी तपासा, शंभर वेळा तपासा. तिच्या पिशवीत गोळ्या आहेत का बघा, फोन चालू राहील का बघा. पण तिच्या दिवसांची आखणी करायला जाऊ नका. आयुष्यभर तिचा प्रत्येक तास आपणच भरला: शाळा, क्लास, परीक्षा, नोकरी, लोकल. उद्या लग्नाच्या याद्या घेऊन पुन्हा आपणच उभे राहणार आहोत. मधे हे एकवीस दिवस तिनं स्वतःसाठी कोरे ठेवले आहेत. त्यावर काय उमटेल ते तिलाही आज ठाऊक नाही, आणि तेच बरोबर आहे. त्या कोऱ्या दिवसांना कुणीही हात लावू नका.